ड्यूटी चार्ट लावणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना खुलं पत्र: भीती मेंदूत कशी बसते ते एकदा समजून घ्या

अॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, इमर्जन्सी वॉर्ड, कंट्रोल रूम, जिथे जिथे माणसांच्या ड्यूट्या लावल्या जातात तिथल्या सगळ्या वरिष्ठांना,

सप्रेम नमस्कार.

मी अॅम्ब्युलन्समध्ये मागे पेशंटजवळ बसणारी कर्मचारी आहे. हे पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडे नुकतंच आलेलं सर्क्युलर. त्यात लिहिलंय की माणसं कमी आहेत म्हणून यापुढे सलग नाईट लागतील आणि गरज पडली तर नाईट संपल्यावर लगेच डबल करावी लागेल. मोठी केस झाली तर त्याच दिवशी टीममधल्या सगळ्यांनी एकत्र बसून काय झालं ते सविस्तर बोलायचं, हे सत्र सक्तीचं, आणि ते संपलं की माणूस परत गाडीवर. जो सत्राला बसणार नाही किंवा गाडीवर जायला नकार देईल त्याची रेकॉर्डला नोंद होणार. मी आतल्या आत दोन पानी अर्ज दिला, त्यावर "सूचनांची नोंद घेतली" एवढंच उत्तर आलं. म्हणून आता उघड लिहितेय, आणि फक्त आमच्या ऑफिसला नाही तर सगळ्यांनाच, कारण दुसऱ्या सेवांमधल्या लोकांशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चाललंय.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते. माझा जोडीदार, म्हणजे गाडी चालवणारा, त्याला विचारूनच हे लिहितेय. एका लहान मुलाच्या केसनंतर त्याला गाडी रिव्हर्स घेताना वाजणारा बीप सहन होत नाही. केसच्या वेळी अरुंद जागेतून गाडी मागे घेताना तो सतत वाजत होता. आता कुठलीही गाडी रिव्हर्स झाली, टेम्पो असो नाहीतर शेजाऱ्याची कार, त्याचे हात घट्ट आवळले जातात, घाम फुटतो, आणि त्याला स्वतःलाच कळत नाही की आपण एवढे का घाबरलो. मीही त्याच केसवर होते, तेच सगळं पाहिलं, खरं तर जास्त जवळून पाहिलं, आणि मला ते आठवतं, वाईट वाटतं, पण बीप ऐकून मला काहीच होत नाही. आमच्यात फरक काय होता? मी सुट्टीवरून नुकतीच आले होते, झोप झालेली होती. तो सलग नाईट करत होता आणि त्या दिवशी त्याची डबल होती. आणि केसनंतर मला घरी सोडलं, त्याला रिलीव्हर मिळाला नाही म्हणून तो पहाटेपर्यंत गाडीवर होता.

दोन माणसांच्या गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. माणसामाणसात फरक असतो, आधीचं आयुष्य वेगळं असतं, शरीरं वेगळी असतात. पण त्यानंतर मी जे काही मिळेल ते वाचत गेले, आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या डॉक्टरांना विचारत गेले, आणि मला जे कळलं ते तुम्हाला कळायलाच हवं असं वाटतं. भीतीची आठवण फक्त प्रसंगामुळे तयार होत नाही, प्रसंगाच्या आधी शरीर आणि मेंदू कुठल्या अवस्थेत होता आणि प्रसंगानंतरच्या तासांमध्ये त्याचं काय झालं यावरही ती किती खोल बसणार हे ठरतं. प्रसंग कुणाच्या हातात नसतो. आधीचे दिवस आणि नंतरचे तास मात्र तुमच्या चार्टवर असतात.

थोडक्यात आधी यंत्रणा सांगते, कंटाळू नका. कानाच्या बाजूने आत गेलं की मेंदूच्या टेम्पोरल भागात बदामाच्या आकाराचा एक पेशींचा गट आहे, अमिग्डला, डावीकडे एक उजवीकडे एक. धोका आणि त्या वेळचा आवाज, वास, चेहरा यांची जोडणी मुख्यतः इथे होते. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस आहे, तो कुठे घडलं, कधी घडलं, आधी काय नंतर काय याची नोंद ठेवतो. आणि कपाळामागे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो परिस्थिती पाहून अमिग्डलाला आवर घालतो. धोका दिसला की अॅड्रिनल ग्रंथीतून अॅड्रेनालीन सुटतं, मेंदूत नॉरअॅड्रेनालीन वाढतं, आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल चढतं. ही रसायनं फक्त छाती धडधडायला लावत नाहीत, समोर जे चाललंय ते पक्कं साठवायचं की नाही हेही त्यांच्यावर ठरतं. १९९४ साली लॅरी काहिल, जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक साधा प्रयोग केला होता. लोकांना स्लाइड्स दाखवत एक गोष्ट सांगितली, आई मुलाला घेऊन निघते आणि वाटेत मुलाला गाडीची धडक बसते. काहींना आधी प्रोप्रानोलॉल दिलं होतं, म्हणजे अॅड्रेनालीन-नॉरअॅड्रेनालीनचा परिणाम अडवणारं औषध. आठवड्याने विचारलं तर औषध न घेतलेल्यांना अपघाताचा भाग बाकी गोष्टीपेक्षा जास्त चांगला आठवत होता, औषध घेतलेल्यांमध्ये तो जास्तीचा ठसा उमटलाच नव्हता, बाकीची साधी गोष्ट मात्र दोघांनाही सारखीच आठवत होती. एका बनवलेल्या गोष्टीने एवढं होतं, आम्ही तर रोज खरंच बघतो.

(हे वाचून कुणी मनाने प्रोप्रानोलॉल घेऊ नका. प्रसंगानंतर ते देऊन पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे लागून राहणारा मानसिक त्रास, टाळता येतो का हे नंतर तपासलं गेलं आणि ते भरवशाचं ठरलं नाही.)

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, प्रसंगाआधीच्या ताणाबद्दल, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सर्क्युलरचा सगळ्यात घातक भाग हाच आहे.

बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, ज्याला एनसीबीएस म्हणतात, सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालं. उंदरांना रोज २ तास हलता येणार नाही असं ठेवायचं, सलग १० दिवस. जखम नाही, शॉक नाही, फक्त सुटका नसलेला ताण. २००२ साली त्यांनी जे छापलं ते असं की हिप्पोकॅम्पसच्या एका भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, आणि अमिग्डलातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. म्हणजे एकाच ताणाने आठवणीला जागा आणि वेळ देणारा भाग कमजोर होतो आणि भीती जोडणारा भाग जोरात येतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून नुसती बसून राहिले, कारण माझ्या जोडीदाराचं अगदी हेच झालं होतं, भीती पूर्ण शाबूत आणि ती कुठली, कधीची, कुठे लागू पडते याचा पत्ता नाही. बीप फक्त त्या गल्लीतला राहिला नाही, जगातला प्रत्येक बीप झाला.

त्याच प्रयोगशाळेने पुढे अजून एक पाहिलं. उंदरांना ताणातून बाहेर काढून २१ दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या परत पूर्ववत झाल्या. अमिग्डलाच्या झाल्या नाहीत. म्हणजे "महिना काढा, मग पुढच्या महिन्यात सुट्ट्या ॲडजस्ट करू" हे जे आम्हाला नेहमी ऐकवलं जातं त्याने हिशोब पूर्ण होत नाही. थकवा सुट्टीने उतरत असेल, पण भीतीच्या जागी झालेला बदल सुट्टी संपली तरी तिथेच असू शकतो.

अमेरिकेत मायकल फॅन्सेलो यांच्या गटाने २००५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरांना एका जागी १५ शॉक दिले. नंतर पूर्ण वेगळ्या जागी फक्त एक. ज्यांना आधी काही झालं नव्हतं ते त्या एका शॉकनंतर थोडेसे घाबरले. ज्यांनी आधी ताण भोगला होता ते त्या एकाच शॉकनंतर कितीतरी जास्त गोठून बसले. आणि पहिल्या जागेची भीती त्यांच्या मनातून कमी करून घेतली तरी दुसरीकडचा हा अतिरेक गेला नाही. साहेब, यावरून मला जे समजतं ते हे की ताणलेल्या माणसाला मोठा प्रसंग लागत नाही, जी केस एरवी त्याने पचवली असती तीच त्याला मोडू शकते. मग आम्हाला "अरे यापेक्षा भयानक केस केल्यात की तू, याच्यात काय एवढं" असं विचारलं जातं ना, त्याचं उत्तर इथे आहे.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे कुणी म्हणण्याआधी मीच म्हणते. म्हणून माणसांवरचं एक सांगते. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी तरुण, धडधाकट माणसांना एक रात्र जागं ठेवलं आणि नंतर स्कॅनरमध्ये त्रासदायक चित्रं दाखवली. झोपलेल्यांपेक्षा जागलेल्यांचा अमिग्डला सुमारे ६० टक्के जास्त पेटला, आणि त्याला आवर घालणाऱ्या प्रीफ्रंटल भागाशी त्याचं कनेक्शन ढिलं पडलं. फक्त एक रात्र जागल्यावर, आणि समोर नुसती चित्रं. तुम्ही आमच्या सलग नाईट लावता आणि समोर जे येतं ते चित्र नसतं.

दुसरी तक्रार त्या सक्तीच्या सत्राबद्दल. हे वाईट हेतूने आणलंय असं मी अजिबात म्हणत नाहीये. ही पद्धत आमच्याच क्षेत्रातून आलीय, १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी ती मांडली, ते स्वतः फायर फायटर आणि पॅरामेडिक राहिलेले, आणि आपल्या माणसांना एकटं सोडू नये हीच त्यामागची तळमळ. पण नंतर जेव्हा तपासून बघितलं तेव्हा प्रसंगानंतर एकदाच बसवून सगळं सविस्तर वदवून घेण्याने पीटीएसडी टळतो असं दिसलं नाही. उपचारांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याचा निष्कर्ष हाच, आणि जागतिक आरोग्य संघटनाही असं डीब्रीफिंग करू नका असंच सांगते. १९९७ सालच्या भाजलेल्या पेशंटवरच्या एका अभ्यासात तर १३ महिन्यांनी ज्यांचं असं सत्र झालं होतं त्यांच्यात २६ टक्क्यांना पीटीएसडी होता आणि न झालेल्यांमध्ये ९ टक्क्यांना. त्यात सत्र झालेले पेशंट मुळातच जास्त भाजलेले होते, त्यामुळे सगळा दोष सत्राला देता येत नाही, हेही सांगायला हवं. पण ज्याचा फायदा दिसत नाही आणि कदाचित अपाय असेल ते सक्तीचं का करायचं?

आणि मेंदूच्या बाजूने पाहिलं तर मला यात नवल वाटत नाही. आठवण लगेच पक्की होत नाही, प्रसंगानंतर काही तास ती पक्की होत असते, आणि त्या वेळात शरीरातली ताणाची रसायनं तिला अजून घट्ट करू शकतात, हे मॅगॉ यांनी प्राण्यांवर अनेक वर्षं काम करून दाखवलेलं आहे. अशा वेळी छाती अजून धडधडतेय, हातावरचं रक्त नीट धुतलेलं नाही, आणि समोर साहेब बसलेत, बाजूला अशी माणसं बसलीत जी त्या खोलीत गेलीच नव्हती, आणि प्रत्येकाने आपापलं बघितलेलं सगळ्यांसमोर सांगायचं. ज्याने नाही पाहिलं त्यालाही ते दिसायला लागतं. बोलायला माझा विरोध नाही, उलट बोललंच पाहिजे, पण कधी, कुणाशी आणि किती हे त्या माणसाने ठरवायचं. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचा गाभा तीनच गोष्टींचा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय लागतंय ते बघा, तो बोलला तर ऐका, जबरदस्तीने खणू नका, आणि घरच्यांशी किंवा मदतीशी त्याची गाठ घालून द्या. याला सर्क्युलर पण लागत नाही, एक समजूतदार सुपरवायझर आणि गरम चहा पुरतो.

याच ओघात झोपेच्या गोळ्यांचं. मोठ्या केसनंतर "एक घे आणि झोप" म्हणून गोळी पुढे करणारे वरिष्ठ मी पाहिलेत, प्रेमाने करतात. पण बेंझोडायझेपिन प्रकारच्या गोळ्या प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नयेत असं २०१३ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. औषध डॉक्टरने द्यायचं, ऑफिसच्या ड्रॉवरमधून नाही. ताणाची सगळीच रसायनं वाईट असंही नाही बरं का, चटर्जींच्याच प्रयोगशाळेत उंदरांना ताणाच्या आधी कॉर्टिसॉलसारखं हार्मोन दिलं तर अमिग्डलावरचा नंतरचा परिणाम टळला. म्हणजे किती, कधी, किती वेळ यावर सगळं अवलंबून आहे, आणि म्हणूनच हे घरगुती अंदाजाने करायचं काम नाही.

तिसरी गोष्ट, उशिरा दिसणारा त्रास. आमच्याकडे केसच्या दुसऱ्या दिवशी विचारतात "ठीक आहेस ना?" आपण म्हणतो हो, आणि फॉर्मवर टिक होते, विषय बंद. पुन्हा त्याच बंगळूरच्या प्रयोगशाळेचं २००५ चं काम बघा. उंदरांना एकदाच, फक्त २ तास ताण दिला. दुसऱ्या दिवशी अमिग्डलातल्या जोडण्यांच्या संख्येत काहीच फरक नाही. १० दिवसांनी बघितलं तर पेशींच्या फांद्यांवर नवीन जोडण्यांची गर्दी, आणि उंदीरही घाबरट झालेले. माणसात बरोबर १० दिवसच लागतात असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशीचं "ठीक आहे" म्हणजे काहीही झालं नाही असं धरून चालता येत नाही एवढं तरी यावरून घ्या. पीटीएसडीचं निदानसुद्धा लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली तरच करतात, मग आमची चौकशी चोवीस तासांतच का संपते?

चौथी तक्रार रिपोर्टची. हिचा राग मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून जपून लिहिते. मोठ्या केसनंतर इन्सिडेंट रिपोर्ट लागतो, किती वाजता पोचलात, कोण कुठे उभं होतं, आधी ऑक्सिजन लावला की आधी मानेची कॉलर. दोघांच्या रिपोर्टमध्ये फरक पडला की खुलासा मागतात, आणि खुलाशाची भाषा अशी असते की जणू आम्ही लपवतोय. तीव्र ताणात लक्ष एका जागी खिळतं आणि त्या जागेची आठवण कोरली जाते, बाकीचं निसटतं. सैनिकांच्या सर्व्हायवल ट्रेनिंगमध्ये पाचशेहून जास्त जणांवर झालेल्या एका अभ्यासात, २००४ सालच्या, ज्याने त्यांची समोरासमोर कठोर चौकशी केली त्या माणसालाच नंतर ओळखायला अनेक जण चुकले, आणि चौकशी जितकी जास्त ताणाची तितकी ओळख जास्त चुकली. ती निवडलेली, कसलेली माणसं होती. माझ्या जोडीदाराला त्या मुलाच्या सॅंडलचा रंग आठवतो आणि आम्ही किती वाजता निघालो ते आठवत नाही. यात खोटेपणा काही नाही, ताणाखाली आठवण अशीच बनते. वेळा हव्यात ना, तर गाडीच्या जीपीएसमधून घ्या, कंट्रोल रूमच्या लॉगमधून घ्या, त्या तिथे सेकंदासकट असतात.

पाचवी, "सवय होईल". हे ऐकून ऐकून कान किटले. लोकांना वाटतं घाबरलेल्या माणसाला तीच गोष्ट परत परत करायला लावली की भीती जाते, आणि मग म्हणतात हेच तर मानसोपचारवाले पण करतात. नाही करत. पाव्हलॉव्हच्या काळापासून माहीत आहे की भीतीचा इशारा धोक्याशिवाय पुन्हा पुन्हा आला तर प्रतिक्रिया ओसरते. पण जुनी आठवण पुसली जात नाही, तिच्यावर एक नवीन आठवण बसते की आता हे सुरक्षित आहे, आणि ती नवीन आठवण टिकवायला प्रीफ्रंटल भाग लागतो. तोच भाग जो ताणात आणि जागरणात आधी ढेपाळतो. म्हणून दमलेल्या माणसात ओसरलेली भीती परत येते, जागा बदलली की परत येते, वेळ गेला तरी परत येते. शिवाय उपचारात इशारा येतो आणि वाईट काही घडत नाही, माणूस सुरक्षित खोलीत असतो, वेग त्याच्या हातात असतो, सोबत शिकलेला माणूस असतो. गाडीवर काय होतं? बीप वाजतो आणि दार उघडल्यावर पुन्हा रक्तच दिसतं. म्हणजे सवय होण्याऐवजी तीच जोडणी दरवेळी अजून पक्की होते. हा फरक ज्यांना समजत नाही त्यांनी कृपा करून आम्हाला "एक्सपोजर" हा शब्द ऐकवू नये.

कंट्रोल रूममधल्या मुलींचं वेगळं लिहायला हवं, त्यांना तर या सर्क्युलरमध्ये धरलंच नाहीये, कारण त्या "स्पॉटवर जात नाहीत". त्या ऐकतात. आईचा आवाज ऐकतात, मग तो आवाज थांबलेला ऐकतात, आणि पुढच्या सेकंदाला दुसरा कॉल घेतात. पीटीएसडीच्या अमेरिकन निकषांमध्ये, म्हणजे डीएसएम या निदानाच्या पुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत, कामाचा भाग म्हणून अशा प्रसंगांचे भयंकर तपशील वारंवार समोर येणं हेसुद्धा कारण म्हणून धरलेलं आहे. स्वतः तिथे उभं असण्याची अट नाही.

तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, माणसं कुठून आणू. खरंय, माणसं कमी आहेत, आणि तुमच्यावरही वरून दबाव आहे, तुमचीही झोप होत नसणार. पण जो एका वर्षात कामावरून उठतो त्याला मोजा की जरा, जो सिक लीव्हवर जातो त्याला मोजा, जो येतो पण लहान मुलाचा कॉल आला की पोट दुखतं म्हणून सांगतो त्यालाही मोजा. सलग नाईट लावून तुम्ही आज एक जागा भरता आणि पुढे एक अनुभवी माणूस घालवता. आणि "आम्ही पण हेच केलंय, आम्हाला कुठे काय झालं" असं म्हणणाऱ्यांना मी खरंच आदराने सांगते की बहुतेक लोक सावरतातच, हे शास्त्रही सांगतं, भयंकर प्रसंग पाहिलेल्या बहुतेकांना पीटीएसडी होत नाही. पण कोण सावरणार नाही हे आधीच बघून सांगता येत नाही, आणि ज्यांना त्रास झाला ते आज तुमच्याबरोबर ऑफिसात बसून हे म्हणायला नाहीयेत, ते केव्हाच सोडून गेले.

आमच्या मागण्या या आहेत, आणि त्या मी एकटीने लिहिलेल्या नाहीत, गाडीवरच्या आणि कंट्रोल रूमच्या बऱ्याच जणांशी बोलून लिहिल्या आहेत.

सलग नाईटवर मर्यादा हवी आणि नाईटनंतरची डबल पूर्ण बंद. माणूस कमी असेल तर दिवसाची ड्यूटी वाढवा, आम्ही करू, पण झोप तोडून नको.

मोठ्या केसनंतर त्या शिफ्टपुरतं त्या टीमला गाडीवरून उतरवा, पगार न कापता. घरी जायचं की स्टेशनवर थांबायचं ते त्यांना ठरवू द्या, काहींना लगेच घरी जायला नको असतं, सहकाऱ्यांमध्ये बरं वाटतं. मोठी केस कुठली हे टीमनेही सांगायचं, फक्त साहेबांनी नाही.

सत्राची सक्ती काढा. त्याऐवजी प्रत्येक शिफ्टमधल्या दोन-तीन जणांना मानसिक प्रथमोपचाराचं ट्रेनिंग द्या, आणि हे लोक आमच्यातलेच असू देत, ज्यांच्याकडे आमच्या बढतीचे कागद नाहीत.

दुसऱ्या दिवशी विचारा, आठवड्या-दोन आठवड्यांनी परत विचारा, आणि महिना झाल्यावर नक्की विचारा. ज्याला त्रास टिकून आहे त्याला ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारा मानसोपचार) देणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवा, या दोन्ही उपचारांना अभ्यासांचा चांगला आधार आहे, आणि खर्च सेवेने उचलावा. उपचार सुरू असताना त्या माणसाला गाडीवरून दुसरं काम द्या, आणि परत यायचं ठरलं की हळूहळू परत घ्या. तो कायमचा बाद झाला असं लिहून ठेवू नका.

उपचार घेतल्याची किंवा केसला नाही म्हटल्याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डला जाता कामा नये. ती जाणार असेल तर कुणीच तोंड उघडणार नाही, वरच्या सगळ्या मागण्या मान्य केल्यात तरी उपयोग शून्य.

रिपोर्टमध्ये वेळा आणि क्रम यंत्रांच्या नोंदीतून भरा, आम्हाला आठवतंय तेवढं लिहू द्या, नंतर आठवलेलं जोडायची मुभा ठेवा, आणि दोन रिपोर्ट जुळत नाहीत एवढ्यावरून नोटीस काढणं थांबवा.

आणि कंट्रोल रूमला यातलं सगळंच्या सगळं लागू करा.

सर्क्युलर पुढच्या महिन्यापासून लागू होतंय. त्याआधी आम्हाला भेटीची वेळ द्या, सोबत मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञ तुमच्या पसंतीचा आणा, त्यांनी यातलं काही चुकीचं आहे म्हटलं तर तेवढं आम्ही मागे घेऊ. माझा जोडीदार पण येईल म्हणालाय. फक्त भेट पार्किंगच्या बाजूच्या खोलीत ठेवू नका.

आपली,
अॅम्ब्युलन्सवरची एक कर्मचारी